पाटकर मास्टरांचा बायोडेटा

दुकान बंद करायचं ठरलं, तेव्हा कॉम्प्युटर देऊन टाकण्याआधी त्यातलं काय ठेवायचं आणि काय पुसायचं ते बघायला मी दोन दुपारी बसले. लग्नाचे बायोडेटे, भाडेकरार, सोसायटीच्या नोटिसा, कुणाकुणाचे प्रबंध. आणि एका जागी ओळीने ‘पाटकर’, ‘पाटकर नवा’, ‘पाटकर नवा शेवटचा’, ‘पाटकर खरंच शेवटचा’, ‘पाटकर शेवटचा दुपारचा’. मोजले तर अकरा. बाकीचं भराभर पुसलं, हे अकरा काही पुसवेनात. मग म्हटलं, बस आणि लिही. मी काही लेखिका नव्हे हं. दुसऱ्यांचं टाइप करण्यात जन्म गेला माझा. इंग्रजी शिकले तीसुद्धा टाइप करता करता, अर्थ मागाहून कळला. तेव्हा जमेल तसं सांगते.

माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान डोंबिवलीला, मानपाडा रोडवर. एमआयडीसी जवळ, म्हणून कंपन्यांतली माणसं यायची. पाटकर पहिल्यांदा आले ते दुपारी अडीचच्या सुमारास, गिऱ्हाईक नसताना. उंच, किडकिडीत, पन्नाशीला टेकलेले. शर्ट पांढरा, इस्त्रीचा. पण हाताच्या नखांच्या मुळाशी निळी रेघ. मला वाटलं शाई सांडली असेल, म्हणून पुसायला फडकं पुढे केलं.

“राहू दे बाई,” ते म्हणाले, “चोवीस वर्षांची आहे. आता ती माझीच.”

ते एका डाइंगमध्ये मास्टर होते. डाइंग म्हणजे कापड रंगवायचा कारखाना. व्यापारी कापडाचा एवढासा तुकडा आणून देतो, तस्साच रंग हजार मीटरवर उतरवायचा, हे मास्टरचं काम. कारखाना बंद पडला होता. मी म्हटलं, मग दुसऱ्या डाइंगसाठी अर्ज ना?

“नाही. लॅबमध्ये जायचंय. रिसर्चच्या.”

मी चष्म्यावरून बघितलं. ते मान खाली घालून उभे, पण बोलले होते ते ठाम.

पुढे कळलं ते असं. पाटकर बी.एस्सी., केमिस्ट्री घेऊन. पुढे शिकायचं होतं, पण वडील अचानक गेले आणि ज्या डाइंगमध्ये वडील कामाला होते तिथेच हे लागले. त्या कारखान्यात एक छोटी लॅब होती, एसी लावलेली. भिंतीत काच आणि काचेला खाली एक फट. मास्टरने फटीतून तुकडा आत सरकवायचा आणि आतल्या साहेबाने तपासून चिठ्ठी बाहेर सरकवायची. चोवीस वर्षं पाटकरांनी तुकडे सरकवले. एकदाही दार उघडून आत गेले नाहीत, कारण डाइंगवाल्यांच्या पायाला रंग असतो, लादी खराब होते. “आत काय चाललंय ते सगळं दिसायचं बाई,” ते सांगायचे, “आवाज तेवढा यायचा नाही.”

आता माझी फजिती सांगते. माझ्याकडे बायोडेट्याचा एक साचा होता. मुळात तो लग्नाचा. नोकरीसाठी कुणी आलं की मी वरचं गणपतीचं चित्र आणि गोत्र काढून टाकायची, बाकी तसंच. वर्षानुवर्षं कुणी तक्रार केली नाही. पाटकरांचाही तसाच केला. त्यांनी कागद घेतला आणि दुकानाच्या पायरीवर गेले. कुठलीही वस्तू बघायची तर बाहेर उजेडात नेऊन, ही त्यांची सवय. ट्यूबलाइटवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पायरीवर उभं राहून वाचलं आणि आत आले.

“बाई, उंची कशाला लिहिलीय? टाकीत उतरायचंय का?”

“राहिली हो चुकून.”

“आणि हे ‘वर्ण, निमगोरा’?”

मी अशी हसले म्हणता! तेही हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, “वर्ण चुकलाय पण. सावळा म्हणा. शेड चुकलेली चालत नाही आपल्याला.”

तिथून आमचं जमलं. दर दोन-तीन दिवसांनी यायचे, एक ओळ बदलायला. एखादा शब्द काढायला. टाइप झालं की मी म्हणायची, पाठवा आता. ते कागदाची घडी घालून खिशात ठेवायचे. “उद्या बघू. ओला रंग खोटं बोलतो बाई. कापड ओलं असताना गडद दिसतं, आपण खूश होतो. वाळलं की खरं काय ते कळतं.” आणि खरंच दुसऱ्या दिवशी येऊन तीन ओळी खोडायचे. ‘मेहनती’ खोडला, ‘प्रामाणिक’ खोडला. “हे मी कशाला सांगू? त्यांनी म्हणावं.”

शेजारच्या इमारतीतल्या एक बाई एकदा मुलीच्या शालूवर ब्लाउजपीस जुळवून आल्या, माझ्याकडे पत्रिकेचं टाइप करायला. सहज दाखवलं. पाटकर बसले होते बाकावर. उठले, दोन्ही घेऊन पायरीवर गेले, परत आले. “दुकानात जुळलाय वहिनी, मांडवात नाही जुळणार. दुपारचं लग्न आहे ना?” त्या बाई फणकारल्या, “तुम्ही कोण हो?” पण गेल्या पायरीवर. आणि तशाच पुढे दुकानात, बदलून आणायला.

मी म्हटलं, पाटकर, हे लिहायला हवं. एका दिव्याखाली एक दिसतं, दुसऱ्याखाली दुसरं, हे ओळखता येतं तुम्हाला. ते म्हणाले, “याला शास्त्रात नाव आहे. मेटामेरिझम.” आणि तो शब्द इतका हळू उच्चारला, जसं देवघरात बोलतात.

एक मात्र कधी केलं नाही त्यांनी. मीच सुचवलं होतं, माझी जीभ ही. म्हटलं, अहो कारखाना बंद झालाय, विचारायला कोण जातंय, ‘लॅब असिस्टंट’ म्हणून टाका दोन-चार वर्षं. पाटकरांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, “काचेच्या अलीकडे होतो बाई. पलीकडे होतो असं कसं लिहू?” मला माझीच लाज वाटली.

पहिली मुलाखत आली ठाण्याला, एका खाजगी लॅबमध्ये. पाटकर सकाळी दुकानावरून गेले, नवे बूट घालून. संध्याकाळी परत आले ते बाकावर बसले आणि बूट काढले. मी चहा मागवला.

“काय विचारलं?”

“विचारलं, तुमच्या कामात काय काय चुकलं आणि ते कसं शोधलंत.”

“मग?”

“मी सांगितलं, माझ्या हातून एकही लॉट कधी बिघडला नाही.”

“बरोबर सांगितलंत की!”

“मलाही तसंच वाटलं,” पाटकर म्हणाले. “पण त्या मॅडमनी पेनाचं टोपण लावलं.”

दोघांनाही कळेना की चुकलं काय. कारखान्यात बिघडला म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवतात. एवढी वर्षं ज्या उत्तरावर नोकरी टिकली, त्याच उत्तरावर नोकरी गेली.

त्याच आठवड्यात त्यांची बायको आली. सुलभा. पाळणाघरात काम करायची, गोल चेहऱ्याची, भराभर बोलणारी. आल्या आल्या म्हणाली, “काकू, ते तुमचं ऐकतात म्हणून आले. भिवंडीच्या डाइंगवाल्याचा निरोप आहे. मास्टर म्हणून या, पण या महिनाअखेर कळवा. नंतर दुसरा बघतो म्हणतोय. तुम्ही सांगा ना त्यांना, घ्या म्हणून.”

“अगं, पण त्यांच्या मनात...”

“मनात काय आहे ते मला नाही ठाऊक? आमचं लग्न ठरलं तेव्हापासून ऐकतेय लॅब लॅब. बाजारात वांगी घेताना पण उजेडात नेऊन बघतात. पण काकू, घरात बसून माणूस वाळत चाललाय. एकदा भिवंडीला गेले ना, की मग परत लॅबचं नाव काढणार नाहीत. ते पण मला माहितीय.” आणि डोळ्याला पदर लावला. म्हणजे घ्या म्हणूनही ती सांगत होती आणि घेऊ नका म्हणूनही तीच रडत होती. मी काय सांगणार? महिना संपायला सतरा दिवस होते.

आता ऋजुताचं सांगते, कारण तिच्यामुळे गाडं हललं. पीएच.डी. करणारी मुलगी, कल्याणची. तिचा प्रबंध माझ्याकडे टाइपिंगला होता. त्यात एक अख्खं प्रकरण फसलेल्या प्रयोगांचं. आकडे, तक्ते, आणि शेवटी ‘यातून काही निष्पन्न झालं नाही’. मी तिला म्हटलं, “अगं, हे कशाला छापतेस? गाळून टाक, पानं वाचतील.” ती हसायला लागली. “काकू, तेच तर काम आहे. काय नाही झालं आणि का नाही झालं, हे नीट लिहिलं नाही तर पुढचा माणूस तोच खड्डा परत खणणार.” हे मी ऐकलं होतं, पण एका कानाने.

पाटकर एका दुपारी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली जाड वही घेऊन आले. “चार पानांचं झेरॉक्स हवंय.” मी पान उघडलं तर पानभर कापडाचे चौकोनी तुकडे चिकटवलेले, बोटाच्या पेराएवढे. हिरवे, तांबडे, मोरपंखी, एकेकाखाली बारीक अक्षरात पाणी किती, मीठ किती, सोडा किती, तापमान, वार, तारीख. झेरॉक्स काढलं तर सगळं करडं. माझं मशीन साधं, काळं-पांढरं. मी म्हटलं, “हे काय हो, सुंदर आहे! हे तुमचे चांगले नमुने?”

“नाही,” ते म्हणाले. “हे बिघडलेले.”

त्यांच्या धंद्यात एक रीत होती. लॉटचा रंग चुकला की कुणाला कळायच्या आत तो पुन्हा टाकीत घालून काळा करायचा. काळ्यात सगळं बसतं. काळ्या कापडाला गिऱ्हाईक कायम असतं, मालक ओरडत नाही, मास्टरचं नाव जात नाही. सगळे मास्टर असंच करायचे. पाटकरही काळा करायचे. फक्त करण्याआधी कात्रीने एक चौकोन कापून खिशात टाकायचे आणि घरी जाऊन वहीत चिकटवायचे. चोवीस वर्षं. सुलभासुद्धा समजायची, छंद आहे.

“आणि हे बघा,” त्यांनी मागचं पान उघडलं. एकच हिरवा, एकापाठोपाठ एक, सगळे जरासे मळकट. “एका वर्षी हा हिरवा सारखा पडायचा. सगळे म्हणायचे रंगाची पावडर खराब. मी सगळे तुकडे एका ओळीत लावले, वार बघितले. शुक्रवार, शुक्रवार, शुक्रवार. शुक्रवारी आपल्याकडे पाणी बंद असतं, त्या दिवशी टँकर यायचा. टँकरचं पाणी जड, क्षारांचं. हिरवा जड पाण्यात मरतो. मग मी एकाच भांड्यात दोन्ही पाण्यांनी करून बघितलं, घरी, सुलभाच्या कुकरमध्ये. तस्साच मेला.”

“मग लॅबच्या साहेबांना सांगितलंत?”

“फटीतून चिठ्ठी दिली. आतून चिठ्ठी आली, ‘मास्टर, तपासणी आमचं काम. आपण लॉट काढा.’”

मला तेव्हा ऋजुताचं ते प्रकरण आठवलं, मुलाखतीतल्या मॅडमचा प्रश्नही आठवला आणि मी खुर्चीवरून उठलेच. म्हटलं, पाटकर, हे पहिल्या पानावर सगळ्यात वर घालायचं. बिघडलेले लॉट, शुक्रवार, कुकर, सगळं.

ते चिडले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. “बाई, वेड लागलंय का? माझा माल बिघडत होता असं माझ्याच हाताने लिहून देऊ? भिवंडीवाल्याच्या हाती हा कागद पडला तर तोही दारात उभा करणार नाही!”

“भिवंडीवाल्याला पाठवायचा नाहीये तो!”

“एका गावात राहतो आपण. कागद फिरतो.”

“मग फिरू दे! चोवीस वर्षं काळं करून झाकलंत, अजून किती झाकणार?”

हे मी बोलायला नको होतं. ते वही पिशवीत घालून निघून गेले. चार दिवस आले नाहीत. मी रोज अडीचला पायरीकडे बघायची. आणि खोटं कशाला बोलू, त्या चार दिवसांत मला कळलं की दुपारी दुकान किती रिकामं असतं ते.

पाचव्या दिवशी आले. वही काउंटरवर ठेवली. “वाळला,” एवढंच म्हणाले, “आता बघितला तर बाई म्हणतात तो रंग बरोबर आहे.”

मग आम्ही बसलो. वर नाव, खाली फोन. वडिलांचं नाव, जन्मगाव, छंद, सगळं उडवलं. कुठे किती वर्षं हे खाली नेलं. वर तीन गोष्टी. कुठला बिघाड, कसा शोधला, कसा ताडून पाहिला. डिग्री लपवायची नाही, जुनी आहे हेही लपवायचं नाही. जी यंत्रं नुसती काचेतून पाहिली ती ‘येतात’ असं लिहायचं नाही, ‘शिकायची तयारी’ असं लिहायचं. वहीत किती नमुने आहेत ते मोजून लिहायचं, तर मोजायलाच दोन दुपारी गेल्या. ते पानं उलटत आकडा म्हणायचे, मी रेघा मारायची. इंग्रजी ऋजुताने तपासलं. तिनेच सांगितलं की ठाण्याला बाळकुमच्या बाजूला एका लॅबमध्ये डाइंगच्या सांडपाण्यातला रंग काढायचं संशोधन चाललंय, कंत्राटी जागा आहे, वयाची अट नाही. पाटकर म्हणाले, “वा! एवढी वर्षं चढवला, आता उतरवायचा.”

कागद पाठवला, आणि उत्तर काही येईना. महिनाअखेरीला दोन दिवस राहिले. इथे एक कबुली द्यायची आहे, ती देऊन टाकते. उत्तर येत नव्हतं तेव्हा पाटकर बाकावर बसून नखं कुरतडायचे आणि मला मात्र मनाच्या एका कोपऱ्यात बरं वाटायचं. चला, आजही आले. मग स्वतःलाच चापट मारावीशी वाटायची.

शेवटच्या दिवशी दुपारी फोन आला, तो माझ्या दुकानातच. उद्या या, वही घेऊन या. त्यांनी भिवंडीवाल्याला तिथल्या तिथे फोन लावला आणि म्हणाले, “शेठ, माफ करा, मी येत नाही.” मी म्हटलं, अहो थांबा, आधी मुलाखत तर होऊ दे! ते म्हणाले, “नाही बाई. दोन्हीकडे पाय ठेवून गेलो तर परत तेच उत्तर देईन मी, कधी बिघडलं नाही म्हणून.”

मुलाखतीला दोन तास बसवलं म्हणे. तिथल्या मुख्य मॅडम वही घेऊन खिडकीपाशी गेल्या, उजेडात. पाटकरांनी मला हे सांगितलं तेव्हा ते तिथेच थांबले. पुढचं, म्हणजे जागा मिळाली ते, जणू जोडून आलेलं. “उजेडात नेऊन बघितली बाई त्यांनी. मी सांगितलं नव्हतं.”

सुलभाने पेढे आणले. आणले आणि म्हणाली, “काकू, आता वांग्यांचं काय होणार? लॅबमध्ये घेऊन जातील.”

सुरुवातीला फोन यायचे. आज काय केलं, कुठलं यंत्र हाताळलं, आतल्या पोरांना किती येतं आणि किती येत नाही. मग आठवड्याने, मग महिन्याने. मला राग नाही हं. माणूस कामात बुडाला, हेच तर हवं होतं. त्यासाठीच तर अकरा वेळा टाइप केलं. पण दुकानात अडीच वाजायचे ते वाजायचेच. कुणी कागद हातात घेऊन पायरीवर गेलं की मी मान वर करायची. कुणी जात नाही तसं. लोक जागेवर वाचतात आणि पैसे देऊन निघतात.

पुढे तो प्रकल्प लॅबसकट दुसऱ्या शहरात गेला आणि पाटकर, सुलभा दोघंही गेले, असं ऋजुताकडून कळलं. त्याच्या आधी एकदाच दिसले मला.

माझ्या धाकट्या बहिणीने बाळकुमला नव्या कॉम्प्लेक्समध्ये फ्लॅट घेतला, त्याची वास्तुशांत होती. जेवण करून निघाले, कोपऱ्यावर रिक्षा शोधत होते, तर समोर चहाच्या टपरीवर पाटकर. अंगात फिकट निळा कोट, बटणं उघडी. भोवती तीन-चार मुलंमुली, त्याच कोटातली, त्यांच्या निम्म्या वयाची. त्यांतली एक मुलगी त्यांना ‘मास्टर’ म्हणत होती, पण कौतुकाने. मी हाक मारायला तोंड उघडलं, पण ते काहीतरी सांगत होते, हात हवेत होता.

“...लाल सांगितला होता, बँडवाल्यांच्या ड्रेसचा! आणि उघडून बघतो तर काय, गुलाबी! साखरपुड्याच्या साडीसारखा गुलाबी! आणि वरातीला दोन दिवस...”

पोरं खिदळत होती. एकाचा चहा सांडला. पाटकर स्वतःच इतके हसत होते की वाक्य पुरं होईना. त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. आणि ही गोष्ट? सगळी वही मोजली होती आम्ही, दोन दुपारी. पण ही गोष्ट मला कधी सांगितली नव्हती त्यांनी.

मी रस्त्याच्या अलीकडे उभी राहिले. म्हटलं, गोष्ट संपू दे, मग जाते पुढे. पण मधे एक टेम्पो आला, मागून दुसरा. टेम्पो सरकले तेव्हा ती मंडळी ग्लास ठेवून निघाली होती, पाटकर मधोमध, अजून सांगतच. हात तसाच हवेत. मग लॅबच्या गेटातून आत वळले.

बँडवाल्यांनी तो गुलाबी घातला का शेवटी, ते काही मला ऐकू आलं नाही.